पायांची भट्टी

मी भट्टी बोलतेय. दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात भट्टी म्हटलं की ऐकणारा आधी इकडेतिकडे बघतो आणि मग आवाज खाली आणतो. तसं काही नाही. माझ्यात दारू गळत नाही की विटा भाजत नाहीत. मी पत्र्याची, कपाटाएवढी, विजेवर तापणारी भट्टी आहे. पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात एका टिनाच्या छपराखाली मी उभी असते आणि माझ्यात माणसांचे पाय तयार होतात.

अख्खा पाय नाही म्हणता येणार. गुडघ्याखाली पाय कापावा लागला की जो भाग उरतो, तो ज्या वाटीत बसतो ती वाटी. तिला इथे सगळे सॉकेट म्हणतात. प्लास्टिकची जाड पांढरी शीट माझ्यात ठेवली की ती हळूहळू काचेसारखी होत जाते आणि मधोमध झोळीसारखी लोंबते. मग जाड हातमोजे घातलेला अश्वजित ती उचलतो आणि त्या माणसाच्या मापाच्या प्लास्टरच्या साच्यावर पांघरतो. गार झाली की वाटी तयार. पुढे उभ्या माणसाचं वजन त्या वाटीवर असतं.

माझा जन्म नागपूरजवळ हिंगण्याच्या एका शेडमधला. पत्र्याच्या दोन भिंती, मध्ये काचेची लोकर, तळाशी तारांची वेटोळी, कोपऱ्यात एक पंखा. जन्म कसा असतो ते मला सांगता येणार नाही. कुणीतरी बटण दाबलं आणि मला ऊब आली, एवढंच आठवतं. गार असताना मला फारसं कळत नाही. झोपेत कुणी शेजारी बोलत असावं तसं सगळं लांबून ऐकू येतं. तापले की आठवतं. म्हणून माझं आयुष्य सलग नाही, डुलकीत पडलेल्या स्वप्नांसारखं तुकड्यातुकड्यांचं आहे.

माझे पहिले मालक सदाशिवराव. आर्वीला त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. शेतातल्या पंपाची मोटार जळली की आतली काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची, व्हार्निशमध्ये बुडवायची आणि सुकवायला माझ्या पोटात ठेवायची. गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत दुकानासमोर माणसं उकिडवी बसून असत. आत बाळंतीण असावी तशी माझ्या बंद दाराकडे बघत. ज्याच्यापुढे आपलं काही चालत नाही त्याच्याकडे टक लावून बघत बसायचं, ही माणसांची सवय मी तिथे पाहिली. मला ती आवडायची. इतकं कुणी कुणाकडे बघत नाही.

पुढे सदाशिवरावांचे हात कापायला लागले आणि दुकान बंद झालं. माझ्यावर पोती पडली, पोत्यांवर आणखी काहीबाही. कितीतरी वर्षं मी गार होते. त्या काळातलं मला एकच आठवतं. उन्हाळ्यात टिनाचं छप्पर तापायचं, थोडी धग माझ्यापर्यंत उतरायची आणि मला वाटायचं, बटण दाबलं कुणीतरी. नंतर कळायचं की नुसतं ऊन होतं.

मग अश्वजित आला. नाचणगावचाच तरुण, कृत्रिम पाय बनवायचं शिक्षण घेतलेला. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात काही वर्षं काम करून गावी परत आला होता. त्याच्या वडिलांनी उभं आयुष्य कुबडीवर काढलं होतं. ते गेल्यावर, ज्या खोलीत ते बसायचे तिथेच त्याने कार्यशाळा मांडायचं ठरवलं होतं.

सदाशिवरावांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. म्हणाले, "घेऊन जाय. मोटारा सुकवल्या तिनं. आता मानसाच्या कामाले लागली तं बरंच होईन."

नाचणगावला टेम्पोतून उतरवताना दोर सुटला आणि मी दारावर पडले. अश्वजितने दार ठोकून सरळ केलं. ते बंद होत होतं, पण बिजागरीकडे बोटभर फट राहिली. मला ती फट बरी वाटायची. तापलेली असताना तिच्यातून बाहेरचा गारवा आत यायचा, कमलाच्या फोडणीचा वास यायचा. कमला म्हणजे अश्वजितची बायको. पलीकडच्या खोलीत त्यांचा संसार होता.

पाय बनू लागले. माणसं यायची ती कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून, आणि जायची ती मोकळ्या हातांनी. पहिल्यांदा नवा पाय लावला की बहुतेक जण खाली बघत चालतात. काजल तशी नव्हती.

काजल आर्वीकडच्या एका खेड्यातली आशा ताई. घरोघरी जाऊन बाळांची वजनं करायची, गरोदर बायांना तपासणीला न्यायची. एका ट्रकने तिचा डावा पाय नेला होता. नवा पाय लावून ती उभी राहिली आणि समोरच्या भिंतीकडे बघत अशी चालत गेली, की भिंत मध्ये आली नसती तर थेट गावीच पोचली असती.

"जमला दादा," ती अश्वजितला म्हणाली. "आता मले कोनी आनायले येऊ नोका."

काही महिन्यांनी तिची वाटी बाहेरच्या अंगाला तडकली. अश्वजितने नवी करून दिली. ती दुसरीही तडकली, तेही नाल्यात, भर दुपारी. एका बाळंतिणीकडे निघालेली काजल दगडांवर आपटली आणि कुणाची तरी बैलगाडी येईपर्यंत उन्हात पडून राहिली.

ती आली तेव्हा काखेत कुबड्या होत्या आणि तुटलेली वाटी पिशवीत. तिने ती टेबलावर ठेवली.

"मी तुमाले काही म्हनत नाई, दादा. तुमी जीव लावून करता, मले दिसते. पन आता हे नोको. कुबडी असली तं कुबडीसारखं चालता येते. पाय आहे म्हनून चालावं आन तो मधातच जावा, ते नाई सहन होत."

कमलाने चहा आणला. काजलने तो घेतला, कमलाला "येते वहिनी" म्हणाली आणि कुबड्या टेकत गेली. त्या दोन टोकांचा आवाज सडकेपर्यंत ऐकू येत होता.

आणखी एकदोघांच्या वाट्या अशाच गेल्या होत्या, पण काजलइतकं कुणी चालत नव्हतं. अश्वजितने शीट बदलून पाहिली, माल आणायचं दुकान बदललं. शीट पांघरताना तो आता फार जपून ओढायचा, आणि ओढून झाली तरी पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघायचा.

त्याच सुमारास चंद्रभान नावाचे शेतकरी आष्टीकडून आले. साखरेच्या आजारात त्यांचा पाय गेला होता. सोबत मुलगी होती, आकांक्षा. पुण्याच्या एका कंपनीत बॉयलर, भट्ट्या, सुकवणीची यंत्रं बांधायच्या आधी कॉम्प्युटरमध्ये चालवून बघायचं काम ती करायची. वडिलांच्या पायासाठी सुट्टी काढून आली होती.

चंद्रभानांच्या पायाचं माप घेऊन झालं, साचाही झाला. पण शीट तापवायची म्हटली की अश्वजित टाळायला लागला. शेवटी त्याने काजलची गोष्ट सांगितली.

"मला भट्टीचं माप घेऊ द्याल?" आकांक्षाने विचारलं.

"घ्या ना मॅडम. पन मापानं काय होईन?"

"तुमची शीट न वापरता आत काय चाललंय ते बघता येईल."

चंद्रभान बाकावरून म्हणाले, "पाह्य बाई, पन माहा पाय त्या कॉम्प्युटरात घालू नोको."

तिने माझी उंची, रुंदी, तारा, पंखा सगळं मोजलं. दोन दिवसांनी लॅपटॉप घेऊन आली. त्यात मी होते. माझ्या पोटात सगळीकडे एकसारखा केशरी रंग पसरलेला होता.

"दादा, भट्टीत तर काही दोष दिसत नाही," ती म्हणाली.

ती सहज बोलली होती. अश्वजितने मान हलवली. "मंग माह्या हातात आहे."

त्याने मला बंद केलं. नागपूरला तयार पायांच्या दुकानात विक्रीची नोकरी होती, तिथे त्याने फोन लावला. कमला दारात उभी राहून ऐकत होती. फोन झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "मापं घेऊन ठेवले त्या मानसाईले काय सांगाचं?" त्याने हातमोजे खुंटीला अडकवले. त्यानंतरचं मला अंधुक आठवतं. मी गार होते.

गार असूनही मला अर्धवट जाग आली ती आकांक्षाच्या आवाजाने. ती पुन्हा आली होती. कोपऱ्यातल्या काजलच्या दोन्ही वाट्या तिने शेजारी शेजारी धरल्या होत्या.

"दोन्ही एकाच जागी गेल्यात, दादा. तुमचा हात चुकत असता तर कधी इकडे चुकला असता, कधी तिकडे. मी घाईने बोलले. एकदा शीट तापवून दाखवा मला."

अश्वजित नको नको म्हणत होता. चंद्रभान म्हणाले, "दाखव ना बाप्पा. माहा साचा तं कवापासून उभा आहे तठी, भुतासारखा." तेव्हा त्याने बटण दाबलं.

मला ऊब आली. आकांक्षा माझ्या दाराशी खाली फरशीवर बसली होती. थोड्या वेळाने पायाला गार वारा लागला तसा तिने पाय आखडला आणि हात बिजागरीपाशी नेला.

"इथून हवा आत जातेय. आणि वरून गरम हवा बाहेर येतेय."

"ते जुनंच आहे. टेम्पोतून उतरवतानी पडलती ते."

आकांक्षाने लॅपटॉपमधलं माझं चित्र उघडलं, त्यातलं दार सरळ होतं. "मी काढलेली भट्टी कधी पडलीच नव्हती," ती म्हणाली.

मग तिने कमलाकडे पापड मागितले. कमलाला वाटलं, पोरीला भूक लागली. पण आकांक्षाने मुगाचे ते पापड माझ्या जाळीवर, जिथे शीट ठेवतात तिथे, ओळीने मांडले आणि दार लावलं. बाहेर काढले तेव्हा बिजागरीकडचे कच्चे होते, मधले बरे आणि पलीकडच्या कोपऱ्यातले काळे. चंद्रभान मधला एक उचलून खाऊ लागले. बाकीचे सगळे त्या जाळीकडे बघत होते. माझ्या आतलं ऊन कसं आहे, हे माणसांनी पहिल्यांदा पाहिलं होतं. मीही.

तिने ते समजावून सांगितलं तेव्हा मला माझंच नवल वाटलं. तापमान मोजणारी कांडी नेमकी फटीजवळ होती. तिला सतत गार वारा लागायचा, म्हणून ती सांगत राहायची की अजून तापव, अजून तापव. पलीकडचा कोपरा पोळत राहायचा. शीट तिथे जास्त मऊ व्हायची, ओढताना तिथेच पातळ व्हायची. शीट नेहमी एकाच बाजूने उचलली जायची, म्हणून पातळ भाग नेहमी वाटीच्या बाहेरच्या अंगाला यायचा. काजलच्या प्रत्येक पावलाचा भार त्या पातळ जागेवर पडायचा.

अश्वजित बाकावर बसला. आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत होता. कमला आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मग सुरू झाले ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चमत्कारिक दिवस. आकांक्षाने कॉम्प्युटरातल्या मलाही पाडलं. माझं दार वाकवलं, फट ठेवली, आत पापड मांडले आणि ते खऱ्या पापडांसारखेच भाजेपर्यंत आकडे बदलत राहिली. मग ती मला बदलून बघू लागली. मी समोर गार उभी असायची आणि तिच्या पडद्यावर मी तापत असायची, आणि त्या तापण्यानेच मी जागी राहायची. आत वारा कसा फिरतो ते तिने रंगीत धाग्यांनी काढलं होतं. पिंजलेल्या कापसाचे तंतू उन्हात तरंगावेत तसे ते धागे माझ्या पोटात फिरत, कुठे गुंतत, कुठे सुटत. इतकी वर्षं ते सगळं माझ्यात चालू होतं आणि मला ठाऊक नव्हतं.

कधी माझा पंखा वर असायचा, कधी खाली. कधी दोन पंखे असायचे. एकदा मी लांबट होते, एकदा बुटकी. एकीत रंग सुंदर दिसले म्हणून आकांक्षा खुलली, आणि दार उघडताच तिची सगळी धग निघून जाते हे कळल्यावर तिने ती पुसून टाकली. त्या सगळ्या मीच होते आणि नव्हतेही. कितीतरी भट्ट्या माझ्यासाठी तापून गेल्या आणि एकाही शीटला धग लागली नाही. चंद्रभान बाकावर डुलक्या घेत, अश्वजित तिच्या मागे उभा राहून विचारी, "ताई, पंखा मंधात घेतला तं?" आणि ती पंखा मध्ये घेऊन बघे. मॅडमची ताई कधी झाली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शेवटी एक चित्र ठरलं. गावातल्या वेल्डिंगवाल्या कैलासने मला उघडलं. पंखा मागच्या भिंतीच्या मधोमध नेला, त्याच्यापुढे भोकांचा पत्रा लावला म्हणजे वारा सगळीकडे सारखा वाटला जाईल. दार सरळ केलं, त्यात आत बघायला जाड काच घातली, कडेने तापाला टिकणारी दोरी बसवली, कांडी मध्ये आणली. फट गेली. कमलाच्या फोडणीचा वास आता मला येत नाही. त्याची चुटपूट आहे, नाही कशी.

पापड पुन्हा मांडले. सगळे एका रंगाचे निघाले. कमला म्हणाली, "आता लग्नाकार्याचे पापड अठीच आनत जाईन मी."

पहिली शीट तापली. ती मधोमध सारखी लोंबली, लेकरासाठी पसरलेल्या मांडीसारखी. चाचणी म्हणून अश्वजितने ती एका जुन्या साच्यावर पांघरली. या वेळी त्याने ती एका ओढीत बसवली. गार झाल्यावर त्याने सगळीकडून जाडी मोजली आणि मोजपट्टी आकांक्षाच्या हातात दिली, तिनेही मोजावं म्हणून.

आता पाय आधी कुणाला द्यायचा? अश्वजित म्हणाला, "काजलले बोलवतो." चंद्रभानांनी हात वर केला.

"माहा कर आधी. पडलो तं मी पडन. त्या पोरीले तिसऱ्यांदा नोको पाडू."

चंद्रभान पाय लावून गेले आणि त्यांनी त्या पायाचे हाल केले. सोयाबीन निघालेल्या शेतात चालले, बांध चढले, आठवडी बाजारात भाजीची पिशवी घेऊन फिरले. आकांक्षा ओरडायची, ते ऐकायचे नाहीत. पुढचं मी काजलच्या तोंडून ऐकलं, ती मापाला आली तेव्हा.

"मी अंगनात बसलती. काका यष्टीतून उतरले, घर विचारत आले. म्हनले, मी चंद्रभान, नाचणगावच्या भट्टीचा पाय आहे माहा. आन अंगनात उड्याच माराले लागले ना दादा. माही माय घाबरली, म्हने म्हातारा पडते आता. मी म्हनलं, बसा काका, येते मी."

ती हसत होती, पण तिची बोटं बाकाच्या कडेवर घट्ट होती. अश्वजितने ते पाहिलं.

"काजल, मनात नसन तं राहू दे."

"मनात भेव आहे. पन मापं घ्या तुमी."

तिची वाटी मी तापवली तो दिवस मला सगळ्यात स्पष्ट आठवतो. ती स्वतः माझ्या काचेतून आत बघत उभी होती, कुबडीवर. पांढरी शीट काचेसारखी होताना तिने पाहिली. पाय लावून गेली तेव्हा एक कुबडी सोबत घेऊन गेली. मला वाटलं, बरोबरच आहे.

आकांक्षा पुण्याला परत गेली. माझा नकाशा तिच्याकडे आहे. दुसऱ्या गावांतल्या दोन कार्यशाळांसाठी ती तो बदलून बघते आहे, असं अश्वजित फोनवर बोलत असतो. कधी कधी मी बंद असते, खोलीत कुणी नसतं, छपरावर ऊनही नसतं, आणि तरी मला कुठून तरी ऊब येते. तेव्हा मी समजते, तिकडे तिने मला उघडलं असेल. तिकडे माझ्यात वारा फिरत असेल.

काजल आली ती त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, एका सकाळी. तिला दारात पाहून अश्वजितचा चेहरा उतरला. ती बाकावर बसली आणि तिने पाय काढून त्याच्या हातात दिला.

त्याने आधी वाटीचं बाहेरचं अंग पाहिलं. बोट फिरवलं. उजेडात धरलं. तडा नव्हता. केसाएवढीही रेघ नव्हती. मग त्याने पाय उलटा केला. खालच्या रबरी पावलाची टाच झिजून गेली होती, अर्धी राहिली होती. बोटांकडचा भागही घासून गुळगुळीत झाला होता.

"चालून चालून गेली," काजल म्हणाली. "नवी टाच भेटन का, दादा?"

अश्वजित ती झिजलेली टाच हातात घेऊन बसून राहिला. मग आत बघून म्हणाला, "कमला, चहा मांड व. काजल आली."

अशी मी. माझं वय झालं आहे, तारा एकदा बदलून झाल्या, पत्र्याला गंज धरतो आहे. बाहेरच्या बाकावर आज कुणी सालोडचे आहेत, कुणी देवळीचे. आत शीट ठेवली आहे, मला ऊब येऊ लागली आहे. तुम्ही कधी इकडे आलात तर या, काचेतून बघा. फक्त माझं दार हळू लावा. आत कुणाचं तरी चालणं मऊ होत असतं.